खोबरेल लावलेली छडी

तो चित्रपट मी अर्धाच पाहिला. कोळशाच्या गावातल्या एका गरीब मुलाचा होता. पुढे टीव्हीवर तो दोन-तीनदा लागला, पण दरवेळी मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि संपेपर्यंत काहीतरी घासत बसले. त्या मुलाचं शेवटी काय झालं, मला अजून ठाऊक नाही. आमच्या मुलाचं काय झालं ते ठाऊक आहे, आणि तेच लिहायला बसले आहे.

आधी गावचं सांगते, नाहीतर मी असं का केलं ते कळायचं नाही.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती, देवळाच्या पडवीत भरायची. पोराचं नाव घालायच्या दिवशी बाप एक नारळ आणि एक छडी घेऊन जाई. छडी निरगुडीची, आदल्या दिवशी तोडून, साल काढून ठेवलेली. नारळ गुरुजींपुढे ठेवायचा आणि छडी त्यांच्या हातात द्यायची. माझ्या बापाने दिली तेव्हा मी बाजूलाच उभी होते. तो म्हणाला, "पोरगी तुमच्या पदरात टाकली, गुरुजी. मारा, पण शहाणी करा." पुढे चौथीत मी पाऊणकी चुकले, तेव्हा माझ्याच छडीने गुरुजींनी माझ्या उजव्या हाताच्या पेरांवर इतकं मारलं की एक नख काळं पडून गळून गेलं. मारलं त्याच संध्याकाळी गुरुजी आमच्या अंगणात येऊन बसले. आईला हळद गरम करायला सांगितली, स्वतःच्या हाताने लेप लावला आणि लेप वाळेपर्यंत माझ्याकडून पाऊणकी म्हणून घेतली. मारणारा आणि लेप लावणारा माणूस एकच असतो, असं मी तेव्हापासून धरून चालले.

माझे यजमान बोटीवर आगवाले होते. तेराव्या वर्षी बोटीवर चढले, कोळसा ओढता ओढता जगभर फिरले आणि शेवटी विलायतेत कार्डिफला उतरून पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर लागले. तिथे नोकरी पक्की झाल्यावर मी आणि मुलगा आलो. तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. आमची गल्ली कारखान्याच्या इतकी जवळ होती की दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकावे लागत. त्यांवर तांबडी धूळ बसलेली असे.

मुलगा अकरा वर्षांचा झाला आणि मोठ्या शाळेत जायची वेळ आली. परीक्षेत पास झालेली पोरं वेगळ्या शाळेत जात. आमचा त्यात नव्हता, म्हणून गल्लीतली बाकीची पोरं जात त्या शाळेत त्याचं नाव लागलं. पहिल्या दिवशी पालकांनी येऊन हेडमास्तरांना भेटावं, असा कागद आला. यजमान कामावर होते. मी बंदराजवळच्या बाजारातून नारळ आणला. इथे निरगुडी कुठून मिळणार? पण कपाटावर यजमानांची एक वेताची छडी पडलेली होती. बोटीवरून आणलेली, बोटाएवढी जाड, दोन हात लांब, मुठीकडे काळा दोरा गुंडाळलेला. वर्षानुवर्षं पडून ती कोरडी झाली होती. मी तिला खोबरेल तेल लावलं. चुलीजवळ उभी करून ते मुरू दिलं आणि परत लावलं. दोन दिवसांत ती अशी लवचीक झाली की टोकाला टोक लागावं. मग पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले.

हेडमास्तर उंच, पिकल्या मिशांचे होते. नारळ बघून म्हणाले, "अरे वा, जत्रेसाठी!" शाळेच्या जत्रेत खांबावर नारळ ठेवून चेंडूने पाडतात, त्यासाठीच मी आणला असं त्यांना वाटलं. मग त्यांनी कागद सोडला. छडी हातात घेतली, वाकवली, सोडली, हवेत एकदा फिरवली. जो आवाज झाला त्याने माझा मुलगा एक पाऊल मागे सरला.

"ही माझ्यासाठी?"

मी वाटेभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "माय सन, युवर सन. यू बीट. मेक गुड बॉय."

ते मोठ्याने हसले. म्हणाले, मलायात पलटणीत होतो तेव्हा असा वेत पाहिला होता, नंतर बघायला मिळाला नाही. इतक्या वर्षांत असं बोलणारी आई पहिल्यांदा आली. माझा हात हातात घेऊन हलवला. मी फार खुशीत घरी आले. एवढा मोठा साहेब, पण रीत समजला, असं मला वाटलं.

संध्याकाळी यजमान कपाटाकडे बघून म्हणाले, "इथली छडी कुठे गेली गो?"

"मास्तरांना दिली. नाव घालायला रिकाम्या हाताने कशी जाणार?"

"दिलीस?" ते म्हणाले. त्या दिवशी अर्धं ताट तसंच ठेवून उठले. कामावर काही झालं असेल, असं समजून मी ताट उचललं.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या एका बाईने मला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लावलं. ती तिथली मुख्य होती. विधवा, अंगाने भरलेली, आवाज असा की पातेली हलावीत. मला बोलायची भीती वाटे हे तिने ओळखलं होतं, म्हणून मला बटाटे सोलायला आणि खिडकीतून कुस्करलेले बटाटे वाढायला ठेवलं. पातळावर पांढरा ओव्हरऑल, डोक्यावर टोपी. पोरं ताट पुढे करत, मी एक गोळा टाकत असे. बोलायचं काही कामच नव्हतं.

आणि दर सत्रात एकदा एक मोठा मुलगा, कोटाला बिल्ला लावलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली छडी घेऊन स्वयंपाकघरात येई. "सर म्हणतात, इंडियन बाईंकडून तेल लावून आणायला सांगितलंय." मी घरून छोटी बाटली आणून ठेवली होती. थंडीत तेल गोठे, मग बाटली गरम पाण्यात धरावी लागे. मी छडी टोकापासून मुठीपर्यंत चोळून देत असे. मला त्याचा मान वाटे, हे आज लिहिताना हात थांबतो, पण वाटत असे. बाकीच्या बायका तेव्हा कुणी बोलत नसत. कोबी चिरत राहत. मला वाटे, त्यांना माझा हेवा वाटतो.

घरात मुलगा बदलत होता. पहिल्याच महिन्यात त्याने डोक्याला तेल लावून घ्यायचं बंद केलं. लहानपणापासून दर रविवारी मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन तेल घालत असे. एका रविवारी त्याने माझा हात झटकला. "मला नको ते तेल." मी हसत पुन्हा हात लावला तर तो किंचाळला, मोरीत गेला आणि भांड्याच्या साबणाने डोकं घासायला लागला. टाळू लाल होईपर्यंत घासलं. त्या दिवशी मी रडले. पोरगा इंग्रज व्हायला लागला, असं मी म्हणाले.

मग एकदा ओठ फाटून आला. म्हणाला, खेळताना पडलो. एकदा कानाची पाळी सोललेली. यजमान त्याच्या खांद्याला धरून म्हणाले, "पडलास का पाडलं?" तो खाली बघू लागला. त्यांनी कानाखाली मारली. भट्टीवर काम करून त्यांचे हात फळकुटासारखे झाले होते. पोरगा भिंतीवर आदळला. "मार खाऊन घरी येतोस? दोन देऊन ये!" मी मधे पडले तर दुसरा तडाखा माझ्या मानेवर बसला. दोन दिवस मान वळेना.

दुसऱ्या वर्षी थंडीत तो डाव्या हाताने जेवायला लागला. उजव्या हाताची बोटं जाड झालेली, तळव्यावर आडवे पट्टे. थंडीने हात फुगतात तसंच असेल म्हणून मी खोबरेल कोमट करून त्याच्या तळव्याला लावायला गेले. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि जे खाल्लं होतं ते सगळं ओकला. तरी मला कळलं नाही.

कळलं ते त्या चित्रपटाच्या दिवशी. तिकिटाला इथली जुनी शिलिंग-पेन्सची नाणी अजून चालत होती, म्हणजे मुलगा साधारण तेरा वर्षांचा असेल. शनिवारी दुपारचा खेळ होता. मुख्य बाईने सगळ्यांना ओढून नेलं, म्हणाली, आपल्यासारख्यांचा सिनेमा आहे. थिएटरात पुढच्या रांगा आमच्या शाळेच्या पोरांनी भरल्या होत्या. माझा मुलगा त्यांच्यापासून लांब, कडेच्या खुर्चीवर बसला होता. मी बायकांबरोबर मागे.

बोलणं मला निम्मं कळत होतं, पण घर कळत होतं, गल्ली कळत होती, ते आईचं ओरडणंही कळत होतं. मग शाळेतला भाग आला. मास्तराने कपाट उघडलं आणि छडी बाहेर काढली. तोच पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "मॅम आली रे!"

सगळी रांग हसली. इथे आईला मॅम म्हणतात. दुसरा ओरडला, "ए, तुझी मॅम आली बघ!" आणि सगळ्यांच्या माना कडेच्या खुर्चीकडे वळल्या, माझ्या मुलाकडे. मग कुणीतरी जोरात नाकाने हुंगलं. त्याच्या शेजारच्याने हुंगलं. पडद्यावर छडी बसत होती आणि पुढच्या तीन रांगा कुत्र्यांसारख्या हुंगत होत्या. माझा मुलगा सरळ पडद्याकडे बघत होता. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

मी मुख्य बाईला विचारलं, "हे काय करतात?"

तिने माझ्याकडे बघितलं. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा दिसत होता. "तुझी छडी ना, लव्ह. पोरं तिला मॅम म्हणतात. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या शाळेपुढे धरून दाखवली होती, ही एका आईने दिलीय म्हणून. मारून झाली की हाताला त्या तेलाचा वास येतो. धुऊनही जात नाही म्हणे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे. तू इतकी मन लावून तेल लावायचीस."

मी उठले. पायांखाली कुणाचे पाय आले ते बघितलं नाही. बाहेर येऊन भिंतीला धरून उभी राहिले.

घरी त्याला विचारलं. त्याने सांगायला बराच वेळ घेतला, आणि सांगितलं ते कुणा दुसऱ्याची गोष्ट असावी तसं. आठवड्यात ज्या ज्या मुलाला ती छडी बसे, तो शुक्रवारी शाळा सुटल्यावर रेल्वेच्या पुलाखाली येई. तिथे गॅसच्या रबरी नळीचा एक तुकडा लपवलेला असे. ज्याने जितक्या छड्या खाल्ल्या, त्याने तितके फटके माझ्या मुलाच्या हातावर मारायचे. सुरुवातीला त्याने पळून बघितलं, तेव्हा ओठ फाटला, कान सोलला. मग तो स्वतःच जाऊन उभा राहायला लागला.

"पण एक पण जास्त नाही मारत," तो म्हणाला. "मोजतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगायचीस ना, सरांनी तुझा हात हातात घेऊन हलवला म्हणून. डॅडना सांगितलं, गावी पत्रात लिहिलं."

सोमवारी मी हेडमास्तरांच्या दारापर्यंत गेले. बाहेर टंकलेखन करणारी बाई म्हणाली, "काय हवंय?" मी ओव्हरऑलला हात पुसले. "नथिंग," म्हणाले आणि परत बटाट्यांकडे आले. बुधवारी पुन्हा गेले, पुन्हा "नथिंग". आणि शुक्रवार आला.

काम संपल्यावर मी पुलाकडे गेले. वरून मालगाडी जात होती. विटांच्या खांबाआडून मला आठ-नऊ पोरं दिसली आणि मध्ये माझा मुलगा. दप्तर नीट भिंतीशी ठेवलेलं, कोट काढून त्यावर घडी घातलेला. उजवा हात पुढे केलेला. पोरं रांगेत उभी होती, माझ्या खिडकीसमोर उभी राहतात तशीच. रोज मी ज्यांच्या ताटात बटाटे टाकत होते तीच. एकाने नळी उगारली तेव्हा त्याची स्वतःची बोटं सुजलेली मला दिसली. मारणाऱ्यांतला एकजण रडत होता. नळी ओली होती. प्रत्येक फटक्याला पाण्याचे थेंब उडत आणि मागून सगळे आकडा म्हणत. मोठ्याने नाही, शाळेत म्हणतात तसं.

माझ्या मुलाने मला पाहिलं. चौथा की पाचवा फटका होता. त्याने फक्त मान हलवली. जा, म्हणून.

मी त्यांच्यात जायला हवं होतं. एक बाई ओरडली असती तर पांगली असती पोरं. पण माझ्या डोक्यात इंग्रजीतला एकही शब्द नव्हता. मी खांबाला धरून अकरा आकडे ऐकले आणि त्याच्या आधी घरी पोचले, चहा ठेवला.

यजमान घरी होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते उठले, मला वाटलं आता पोराला मारतील. त्यांनी हातातली बशी भिंतीवर फेकली. मग खाली बसले, बराच वेळ तुकडे गोळा करत राहिले.

"ती छडी बोटीवरच्या सारंगाची, आम्हा आगवाल्यांच्या मुकादमाची होती," ते म्हणाले. "तेराव्या वर्षी चढलो तेव्हापासून त्याने ती माझ्या पाठीवर मोडायचीच बाकी ठेवली. मीच नाही, सगळी पोरं. भट्टीपाशी उभं राहून मारायचा, घामाच्या अंगावर. बोट सोडली त्या दिवशी मी ती चोरून आणली. म्हटलं, पुन्हा कुणाला बसायची नाही."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? बायकोला कुणी सांगतं का, मी मार खाल्ला म्हणून?"

त्यांनी पोराला जवळ बोलावलं. पोरगा भीत भीत आला. त्यांनी त्याचा हात उलटा करून बघितला, आपल्या हातात तसाच धरून ठेवला, आणि मग एकदम सोडून बाहेर निघून गेले.

पुढे दोन शुक्रवार गेले. ते दोन्ही शुक्रवार माझ्या नावावर आहेत. दोन्ही वेळा मी हेडमास्तरांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

मग एका मंगळवारी, जेवणाच्या आधी तासभर, बिल्ला लावलेला मुलगा वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन आला. "सर म्हणाले, जरा लवकर पाहिजे. मार खायला दोघं बाहेर उभे आहेत."

मी हात पुसले आणि गुंडाळी घेतली. कागद सोडला. मुठीवरचा काळा दोरा झिजून सुटला होता आणि कुणीतरी तिथे नवा पांढरा दोरा बांधला होता. टोक दोन ठिकाणी चिरलं होतं. त्या चिरांत काहीतरी काळं अडकलं होतं. आजवर मी त्याला शाई समजत होते.

मी बाटलीकडे गेले नाही. मागच्या खोलीत कोक-कोळशावर चालणारा बॉयलर होता. आकड्याने त्याचं लोखंडी दार उघडलं आणि छडी आत घातली. मावेना. मोडायला गेले तर मोडेना, मीच तिला इतकं मऊ केलं होतं. अर्धी आत, अर्धी बाहेर. मग आतलं टोक भुरकन पेटलं. दोन वर्षांचं मुरलेलं तेल तडतडत बाहेर येऊन जळायला लागलं आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटला, आपल्याकडे वाटणासाठी खोबरं विस्तवावर भाजतात ना, अगदी तसा. तो आपल्या घरचा वास होता.

बिल्ल्याचा मुलगा पळत वर गेला. मुख्य बाई माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने छडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सळई उचलली आणि बाहेर राहिलेली मूठ आत ढकलून दार लावून टाकलं.

"बटाटे," ती म्हणाली. "अजून दोन पातेली आहेत."

हेडमास्तर खाली आले तेव्हा मी बटाटे कुस्करत होते. स्वयंपाकघरात ते कधी येत नसत. त्यांचे जोडे ओल्या फरशीवर घसरले.

"माझी छडी कुठे आहे?"

"बर्न," मी म्हणाले. वर बघितलं नाही.

"ती माझी होती. तुम्ही मला दिली होती."

"येस. आय गिव्ह. आय बर्न."

"मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता काढू शकतो, समजतंय?"

मुख्य बाई हातात मोठा डाव घेऊन पुढे आली. "काढा, सर. मग आम्हीही निघतो. सगळ्या शाळेला वाढायला तुम्ही या, टोपी देते." बाकीच्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. कोबी चिरायचा आवाज थांबला. हेडमास्तर म्हणाले, "ठीक आहे. माझ्याकडे दुसरी आहे." आणि गेले.

जेवणाची घंटा झाली. पोरं रांगेत आली. माझा मुलगा रांगेत नव्हता.

जेवणघराला लागूनच मोठं सभागृह होतं, मध्ये लाकडी पडदी. तिथून पहिला आवाज आला तेव्हा रांग जागच्या जागी थांबली. शाळेची जुनी छडी होती ती, कोरडी. तिचा आवाज वेगळा, लाकूड चिरल्यासारखा. माझ्या हातात बटाट्याचा चमचा होता. समोर ताट धरून एक पोरगा उभा होता, पुलाखालचा, तोच जो मारताना रडत होता. त्याने ताट मागे घेतलं नाही, मी वाढलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत ऐकत राहिलो. सहा झाल्या. मग थोडं थांबून पुन्हा सहा, दुसऱ्या हातावर. नवव्या की दहाव्या फटक्याला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. छडी होती. उरलेले त्याच तुकड्याने मारले. माझ्या मुलाचा आवाज एकदाही आला नाही. मुख्य बाई माझ्या दंडाला धरून उभी होती.

मग रांग पुढे सरकत राहिली आणि सगळ्यात शेवटी माझा मुलगा आला. दोन्ही हात पोटाशी धरलेले. ताट उचलायला गेला तर बोटं मिटेनात. दोन मनगटांमध्ये ताट धरून त्याने खिडकीत पुढे केलं. मी एक गोळा टाकला. दुसराही टाकला. ताट कलंडायला लागलं.

तेवढ्यात तो पुलाखालचा पोरगा टेबलावरून उठून आला. त्याने ताट माझ्या मुलाच्या मनगटांतून काढून घेतलं, आपल्या टेबलावर नेऊन ठेवलं, आणि पायाने खुर्ची बाजूला सरकवली. माझा मुलगा जाऊन बसला. दुसऱ्या कुणीतरी चमचा त्याच्या बोटांत अडकवून दिला. कुणी हुंगलं नाही.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी मी पुन्हा पुलाकडे गेले. खाली कुणी नव्हतं. रबराची नळी गटाराच्या जाळीवर पडलेली होती. ती मी उचलली नाही.

पण त्या मंगळवारी संध्याकाळचं सांगायचं राहिलं. तो घरी आला तेव्हा त्याचे तळवे काळेनिळे होऊन वर आले होते, एक बोट वाकडं. ते बोट पुढे कधीच सरळ झालं नाही. अजून तो पेन वेगळंच धरतो. यजमान खुर्चीवर बसून होते. त्यांनी हात बघितले आणि स्टुलावर पाय ठेवायला गेलेले तसेच उठून उभे राहिले. मी सवयीने फळीवरचा तेलाचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि तिथेच थांबले. पोरगा माझ्याकडे बघत होता.

मी डबा तसाच परसात नेला. तेल गोठलेलं होतं, निघेना. दगडाने डबा आपटला तेव्हा पांढरा गोळा मातीत पडला. आत येऊन नळाखाली तपेली भरली आणि त्याचे दोन्ही हात थंड पाण्यात धरले. यजमान माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी एक हात आपल्याकडे घेतला. आम्ही दोघं एक-एक हात धरून बसलो.

पाणी एकदा बदललं. मग तो म्हणाला, "आई, ह्या छडीला वास नव्हता."

"दुखतंय का फार?"

"हो," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. आणि मग रडायला लागला, पाण्यातले हात न काढता, नाक पुसायला जागा नाही म्हणून यजमानांच्या खांद्याला पुसत.